तलावाच्या पाळीतलं मोहेंजोदडो

मोहेंजोदडो आमच्या गावच्या तलावाच्या पाळीत नाही. हे मी खात्रीनं सांगू शकते, कारण सातवीत असताना मी स्वतः तिथं खणून बघितलं आहे. ही गोष्ट मी घरात इतक्यांदा सांगितली आहे, की आता माझी मुलं ती माझ्याआधी संपवतात आणि संपवताना मला मूळच्यापेक्षा पुष्कळच शहाणी करून टाकतात. म्हणून एकदाची लिहून ठेवते. कागदावर तरी मी होते तितकीच बावळट राहावी.

आमचं घर पाळीच्या पायथ्याशी, ढिवरांच्या म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या मोहल्ल्यात. पाळ म्हणजे जुन्या लोकांनी घातलेला मातीचा लांबच लांब बांध, वर मोहाची नि आंब्याची झाडं. एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला आम्ही. म्हणजे पाणी आमच्या डोक्यापेक्षा उंचावर असायचं, पण त्याचं भय कोणाला वाटत नसे. घरात म्हातारा माणूस खाटेवर बसलेला असावा तसा तलाव वर बसलेला असे. सांडव्यावरून पाणी पडायला लागलं, की त्या आवाजावर मात करायला सगळे ओरडून बोलत, आणि सांडवा थांबला तरी पुढे महिनाभर तसेच ओरडत राहत. मी अजूनही फोनवर तशीच बोलते. नवरा म्हणतो, तुझा सांडवा बंद कर, पलीकडच्याला ऐकू येतं. सकाळी भाताची पेज नि जवसाची चटणी. संध्याकाळी भात, लाखोळीची डाळ आणि बाबांच्या जाळ्यात जे आलं असेल ते. झिंगे, म्हणजे बारीक कोळंबी, आले, की आई ते अंबाडीच्या भाजीत टाकायची. तो वास घराला, कपड्यांना आणि माझ्या वह्यांना इतका मुरलेला होता, की आमच्या बाई म्हणायच्या, "कुंदाची वही मी न उघडताच ओळखते."

बाबा चौथीपर्यंत शिकलेले, पण गावचे अर्ज तेच लिहीत. बोलताना 'मले-तुले'च्या पुढे त्यांची गाडी जात नसे. कागद समोर आला, की मात्र त्यांच्या अंगात कोणी साहेब संचारायचा. 'सदर', 'उपरोक्त', 'विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की' असे शब्द त्यांच्या तोंडून असे निघत, की आई चुलीपाशी पदर सावरून बसायची. अर्थात अक्षर त्यांचं वाईट. जाळं विणणाऱ्या बोटांना 'क्ष' जमत नसे. म्हणून ते दोन गुडघ्यांत जाळं धरून, सुतळी ओवत ओवत सांगत आणि मी पाटावर कागद ठेवून लिहीत असे. विहिरीला कठडा, बसला थांबा, शाळेला पत्रे, सगळे अर्ज माझ्या वळणदार अक्षरात तालुक्याला गेले आहेत. त्यातला एकही मंजूर झाल्याचं मला आठवत नाही, पण अक्षराला कोणी नाव ठेवल्याचंही आठवत नाही.

सातवीला आम्हाला इतिहास आणि मराठी शिकवायला रामटेके बाई आल्या. माजरीच्या. त्यांचे वडील कोळशाच्या खाणीत. आधी रेल्वेनं नागभीड, तिथून बसनं आमचं गाव असा त्यांचा रस्ता, आणि दर सोमवारी त्या बसमधून उतरत ते केसांत धूळ नि काखेत गुंडाळलेला नकाशा घेऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "माझे बाबा जमिनीच्या पोटात उतरतात. त्यामुळे कुठंही उभी राहिले, की खाली काय असेल ते विचारायची मला खोड आहे." आम्ही सगळ्यांनी आपापल्या पायांखाली बघितलं. खाली शेणानं सारवलेली जमीन होती आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या सुरेखाची सांडलेली शाई.

सुमेरचे लोक मातीच्या पाट्यांवर लिहायचे, हे शिकवायला बाईंनी आम्हाला तलावातला गाळ आणायला लावला. पाट्या थापल्या, बांबूच्या काड्या टोकदार केल्या आणि प्रत्येकानं हजारो वर्षं टिकावं असं एक वाक्य लिहायचं होतं. सुरेखानं लिहिलं, 'कुंदानं माई पेन्सिल नेली.' ती पाटी तिच्या घरी गोवऱ्यांच्या कोठ्यात अजून आहे. म्हणजे मी चोर असल्याचा पुरावा सुमेरी पद्धतीनं जतन झाला आहे. मराठीच्या तासाला बाईंनी फळ्यावर मोठ्यानं लिहिलं, 'रसग्रहण'. मी हात वर करून विचारलं, "बाई, हे ग्रहण कधी लागते? जेवाचं का नाई जेवाचं तेव्हा?" बाई खुर्चीवर बसून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. मग म्हणाल्या, "जेवायचं. हे लागलं की नुसतं जेवायचंच असतं."

ते कसं जेवायचं, याची त्यांची एक रीत होती. कविता असो, धडा असो, बसथांब्यावरची पाटी असो, आधी विचारायचं, कर्ता कोण? हे कोण करतं आहे? आणि कर्ता दिसत नसेल, तर त्याला कोणी आणि का लपवलं? एकदा शाळेच्या भिंतीवरचं 'येथे थुंकू नये' आम्हाला दिलं. "कोणी थुंकू नये?" बाईंनी विचारलं. सुरेखा म्हणाली, "सगळ्याईनं. पण मोठे गुरुजी थुंकतात, बाई." मोठे गुरुजी, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, तेव्हा खिडकीतच उभे होते. त्यांनी तोंडातला ऐवज गिळला, आणि बाई म्हणाल्या, "बघा, कर्ता सापडला की वाक्य कसं जिवंत होतं." तेव्हापासून आम्ही कर्त्याच्या मागेच लागलो. कुठंही तो दिसला नाही, की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "क-र्ता ना-ई!"

मी घरी येऊन सगळे धडे मोठ्यानं वाचायची. एकदा चीनच्या भिंतीचा धडा वाचला, 'सम्राटाने प्रचंड भिंत बांधली.' आई मरळ कापत होती. सुरी थांबवून म्हणाली, "सम्राटानं मातीचा गारा कालवला?"

"नाई वो आई, मजुराईनं."

"मंग तसं काऊन नाई लिहीत? आन त्याईच्या बाया शिदोरी घेऊन जात होत्या का नाई?"

दुसऱ्या दिवशी मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. "आईला सांग, रसग्रहणात तुझ्यापेक्षा तीच पुढे आहे." मला राग आला होता हे कबूल करते. आईला सही करता येत नव्हती आणि ती माझ्या पुढे!

आज मी स्वतः सहावी-सातवीला हेच शिकवते, तेही एटापल्ली तालुक्यात. शाळेपुढच्या रस्त्यानं सूरजागडचे लोखंडाच्या मातीचे ट्रक जातात आणि नकाशावरचं मेसोपोटेमिया दर आठवड्याला लाल होतं, मी ते फडक्यानं पुसते. माझ्या वर्गातली पोरं घरी गोंडी बोलतात. मी 'सम्राटाने भिंत बांधली' हे वाक्य फळ्यावर लिहिते आणि वाट बघते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, गारा कोणी कालवला.

तर मोहेंजोदडो. बाईंनी शिकवलं, की लोक त्या जागेला साधं टेकाड समजत होते. गुरं चरत होती, झाडं उगवली होती आणि खाली अख्खं शहर होतं. विटांचे रस्ते, नाल्या, न्हाण्याचं मोठं टाकं. "उंचवटा दिसला, की विचारायचं, हा निसर्गानं केला की माणसानं?" बाई म्हणाल्या आणि धडा संपला. माझ्या डोक्यात मात्र तो तिथूनच सुरू झाला. आमच्या सपाट धानाच्या मुलखात उंचवटा एकच. त्यावर गुरं चरत होती, झाडं उगवली होती आणि तो माणसांनीच केलेला होता. शिवाय तो आमच्या न्हाणीच्या मागेच सुरू होत होता. एवढा पुरावा मोहेंजोदडोवाल्यांकडेही नसेल.

एका रविवारी दुपारी सगळे शेतात असताना मी नि सुरेखानं घरची पहार काढली. पाळीच्या आमच्या बाजूच्या उतारावर, घाणेरीच्या झुडपाआड खणायला सुरुवात केली. मी खणत होते, सुरेखा घमेल्यानं माती उचलत होती आणि अधूनमधून विचारत होती, "विटा आल्या का वो?" वीतभर आत गेल्यावर एक खापर मिळालं. त्यावर चार तिरप्या रेघा. मी पहार खाली टाकली. कारण बाई म्हणाल्या होत्या, की सिंधूची लिपी अजून कोणाला वाचता आलेली नाही, आणि ही मलाही वाचता येत नव्हती. आम्ही आणखी दोन रविवार खणलं. खापर मी दप्तरात लपवलं, पण आईनं दप्तर झटकताना ते बाहेर पडलं.

"हे कुठी सापडलं तुले?"

"प्राचीन आहे," मी म्हटलं.

"प्राचीन? मागच्या सालचा माठ आहे आपला. बकरीनं पाडला, म्या पाळीवर फेकला. ह्या रेघा मायाच हातच्या, माठ ओळखू यावा म्हणून खिळ्यानं ओढल्या होत्या."

मी तोंड पाडून खणणं थांबवलं. भोक मात्र बुजवलं नाही. मोहेंजोदडो गेलं म्हणजे सगळंच गेलं असं वाटलं होतं. पाळीच्या पलीकडून पाणी रेलून उभं आहे, हे माझ्यासारख्या तलावाच्या पोरीला आठवू नये, यापरता करंटेपणा नाही.

धान पोटरीवर आलं होतं. कणीस बाहेर यायच्या आधीचे ते दिवस. त्या वेळी तलावाचं शेवटचं पाणी मिळालं नाही, तर पुढे नुसतं तणीस, म्हणजे दाण्याविना पेंढा, कापायचं. एका सकाळी बाबा पाळीवरून फिरायला गेले आणि ओरडतच आले. घाणेरीआड माती ओली झाली होती, पाझर सुटला होता. सगळा मोहल्ला धावला. चिकणमाती, तणीस, पोती. दुपारपर्यंत गड्यांनी तात्पुरतं थोपवलं. पाळ फुटली असती, तर धान गेलं असतं, मासोळी वाहून गेली असती आणि सगळ्यात आधी आमचं घर गेलं असतं. मी ओसरीत बसून पेजेत बोट फिरवत होते.

कोणी खणलं ते कोणाला कळेना. पण दोन-तीन पोरांच्या तोंडून 'टेकाडाखाली शहर राहते' असं बाहेर आलं, ते फिरत फिरत 'बाईनंच पाळ खोदाले सांगितली' इथवर पोचलं. संध्याकाळी चार माणसं ओसरीत जमली आणि बाबांना म्हणाली, "दौलतभाऊ, अर्ज लिवा. तालुक्याले द्या." तेव्हा अर्ज गेला, की शिक्षक थेट जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, एटापल्लीकडच्या जंगलात, अशी समजूत होती. शिक्षा म्हणून. बाईंना तिथून दर आठवड्याला माजरीला जाऊन सोमवारी परत येणं जन्मात जमलं नसतं.

बाबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'सदर शिक्षिकेच्या चिथावणीवरून तलावाची पाळ खोदण्यात आली. मोठे भोक पाडण्यात आले. त्यायोगे समस्त गावाचे धान व मासे धोक्यात आणण्यात आले.' माझं अक्षर त्या दिवशीही वळणदार आलं. 'खोदण्यात आली' लिहिताना माझ्या मनात काय आलं, ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मला हायसं वाटलं. त्या दोन शब्दांत मी कुठंच नव्हते. पहार नव्हती, सुरेखा नव्हती, रविवार नव्हते. पाळ आपोआप खोदण्यात आली होती.

अर्ज पाठवायच्या आधी मोठ्या गुरुजींनी गावाला शाळेत बोलावलं. कडुलिंबाखाली सतरंजीवर माणसं बसली, बायका मागे उभ्या राहिल्या, आमचा वर्ग व्हरांड्यात. बाबांनी उभं राहून अर्ज वाचला. फार छान वाचला. एक माणूस मध्येच म्हणाला, "हिले काढाचंच होतं. बुद्धाचं लय सांगून राह्यली पोराईले." बाई शांतपणे म्हणाल्या, "पुस्तकात धडा आहे, भाऊ. पुस्तक मी लिहिलेलं नाही. तुमच्या मुलाला त्यात सगळ्यात जास्त मार्क आहेत." तो माणूस आपल्या पोराकडे असा बघत राहिला, की त्याला रागवावं की कौतुक करावं ते कळेना.

मग बाईंनी कागद मागितला. हातात घेतला आणि क्षणभर नाकाशी नेला. झिंगे. त्यांनी अक्षर बघितलं आणि मान वर करून व्हरांड्यात माझ्याकडे बघितलं. मी खांबाआड झाले.

"दौलतभाऊ, वाक्य वजनदार आहे," बाई म्हणाल्या. "एकच विचारते. पाळ खोदण्यात आली, म्हणता. कोणी खोदली?"

बाबा गोंधळले. "ते... अर्जात तसंच लिहितात, बाई."

आणि व्हरांड्यातून, कोणी न विचारता, निव्वळ सवयीनं, अख्खा वर्ग एका सुरात ओरडला, "क-र्ता ना-ई!"

मोठमोठी माणसं दचकली. बाईंचा चेहरा लाल झाला. "गप्प बसा. हा तास नाही," त्या आम्हाला म्हणाल्या. मग कागद बाबांना परत देत, "माझ्या शिकवण्यातून झालं असेल, तर कर्ता मी. तसं लिहा. नाव घाला माझं."

बाबांनी खिशातून पेन काढलं. टोपण काढलं. सतरंजीवर टेकून ते नाव लिहायला वाकले, आणि माझे पाय मला न विचारता उभे राहिले.

"कर्ता मी आहो."

"कोण?" बाबांनी मान वर केली नाही.

"मी. कुंदा. मी खोदली, आपल्या पहारीनं. बाईनं नाई सांगितलं. सुरेखा होती, पण तिनं नुसती माती उचलली."

"मी नाई वो!" सुरेखा किंचाळली. मग हळूच म्हणाली, "थोडीशीच उचलली."

कोणी हसलं, मग दोघे-चौघे हसले. बाबा हसले नाहीत. मला वाटलं, ते आता उठून माझ्या पाठीत धपाटा घालतील. तेच बरं झालं असतं. त्यांनी कागद मांडीवर नीट ठेवला. 'सदर शिक्षिकेच्या चिथावणीवरून' यावर रेघ मारली, 'खोदण्यात आली' यावर रेघ मारली. वर आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात, पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या बोलीत काहीतरी लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"तलावाची पाळ माया पोरीनं खोदली."

मागून आईचा आवाज आला, "आता कसं. आता समजून राह्यलं."

बाबा चार माणसांकडे वळले. "हा अर्ज मी आता कोणाले देऊ, सांगा. मायाच पोरीवर मीच?" ज्यानं बुद्धाचं काढलं होतं तोच म्हणाला, "राहू द्या आता, दौलतभाऊ. पाळ पक्की करा पयले."

"थांबा," बाई म्हणाल्या. "उंचवट्याला प्रश्न विचारा, हे मी शिकवलं. कोणत्या उंचवट्याला हात लावायचा नाही, ते शिकवायचं राहिलं. तेवढी चूक माझी. त्यामुळे पाळीवर मीही येते."

दुसऱ्या दिवशी शाळा पाळीवर भरली. तात्पुरती पोती काढून भोक तळापासून भरायचं होतं. आम्ही ओळीनं घमेली पुढे द्यायचो, बाबा चिकणमाती थरानं पसरायचे आणि बाया ती पायांनी दाबायच्या. बाईंनी पदर खोचला, चपला काढून मोहाच्या बुंध्याशी ठेवल्या आणि ओल्या मातीत उतरल्या. माजरीला माती उकरायची असते, दाबायची नसते. त्यांचे पाय नाचल्यासारखे वरवर पडत होते. बाबा बराच वेळ बघत राहिले. कालपासून ते बाईंशी एक अक्षर बोलले नव्हते. शरमेनं असावं. शेवटी राहवलं नाही.

"बाई, असं नाई. टाच मारा. टाचेनं दाबलं नाई, तं पाणी आपला रस्ता करते."

बाई थांबल्या. टाच उचलली, जोरात मारली, आणि वर्गात आम्ही म्हणायचो अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, "अशी का, सर?"

ओळीतल्या सगळ्यांचे हात थांबले. माझ्या बापाला आयुष्यात कोणी सर म्हटलं नव्हतं, आणि पुढेही कोणी म्हणणार नव्हतं. त्यांनी वाकून माझ्या हातातलं घमेलं घेतलं, रिकामं केलं आणि दुसरं घेतलं. मग मी कितीही हात पुढे केले, तरी दुपारपर्यंत त्यांनी मला एक घमेलं उचलू दिलं नाही; माझ्या वाट्याची माती तेच वाहत राहिले.